लांब शिट्टी

शनिवार, १८ जानेवारी २०२५, धुळे

ही डायरी फुकट मिळाली म्हणून लिहितो आहे. आमच्या अग्निशमन केंद्रातल्या लोकांसाठी आज ताणतणाव व्यवस्थापनाचं शिबिर झालं. फलक बांधायला शिडी आमचीच आणि चढायला मीच. पुण्याहून आलेल्या मॅडमनी सांगितलं, खोल श्वास घ्या. ज्यांची हयात धुरात श्वास रोखण्यात गेली त्यांना हा सल्ला. आमचा बंबाचा ड्रायव्हर असलम मागून म्हणाला, घ्यायचा ते कळलं मॅडम, सोडायचा कधी ते सांगा. मग प्रत्येकाने मनातलं ओझं चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी गॅसच्या फुग्याला बांधायची आणि फुगा सोडून द्यायचा, असा कार्यक्रम होता. वर पंखे फिरताहेत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. फुगे धडाधड फुटले आणि निम्मे फायरमन खुर्च्यांखाली गेले. मॅडम हसल्या, म्हणून आम्हीही बाहेर येऊन हसलो. नंतर समोसा, प्रमाणपत्र आणि ही डायरी.

मॅडम म्हणाल्या, मनात येईल ते लिहा. माझ्या मनात विशेष काही येत नाही. झोप चांगली लागते. थोडी लागते, पण चांगली.

भूमिका, माझी एकुलती एक, परवा पारोळ्याहून आली. पहिलं बाळंतपण माहेरी. बाळ सव्वा महिन्याचं होईपर्यंत इथेच राहणार. मंजुळा म्हणाली, रजा टाका. मी म्हटलं, आग रजेवर गेली की टाकतो. तर म्हणे, पोरीने लहानपणी तुमचं तोंड पाहिलं नाही, नातवंडाला तरी पाहू द्या. आमच्या घरातले टोमणे बंबाच्या आधी पोचतात.

पण खोटं कशाला लिहू. हा सव्वा महिना मला हवा आहे. पुरता हवा आहे.

रविवार, २ फेब्रुवारी

मुलगा झाला. नर्स बाहेर आली तेव्हा आमचे व्याही अभिमन नाना पुढे झाले, "काय झालं?" मी विचारलं, "रडलं का?" नर्स म्हणाली, मुलगा आहे. मी म्हटलं, ते कळलं, रडला का? ती म्हणाली, आजोबा, कान आहेत ना? तेवढ्यात आतून टाहो आला. मग मला बसायला खुर्ची सापडली.

मांडीवर देऊ लागले तेव्हा मी हात मागे बांधले. काल हायवेवर ट्रॅव्हल्सची बस उलटली होती. हात चार वेळा धुतले आहेत, तरी काय उचललं ते हातांना माहीत असतंच. विहीणबाई म्हणाल्या, "आजोबा लाजी ऱ्हायनात." लाजतो म्हणा.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

बाळ घरी आलं. रडतो, आणि झकास रडतो. शेजारच्या काकू विचारायला आल्या की काय होतंय. मी म्हटलं, काहीच होत नाही म्हणून तर रडतोय. हवा आत जाते, बाहेर येते. काळजी करायची ती गप्प पोराची.

सध्या माझी रात्रपाळी, त्यामुळे दिवसा घरीच असतो. दुपारी दोघी जेवायला बसल्या होत्या, बाळ झोळीत. आवाज एकदम बंद झाला. मी टीव्ही बंद केला. पंखा बंद केला. फ्रिज फार घुरघुरतो, तोही बंद केला. मंजुळा आतून म्हणाली, अहो, दूध नासेल. मी हातानेच तिला गप्प केलं आणि झोळीला कान लावला. काही ऐकू आलं नाही. तळव्याला नख लावलं. रडला.

फ्रिज पुन्हा सुरू केला. दूध नासलं नव्हतं.

सोमवार, १० फेब्रुवारी

मंजुळा रागावली की तिच्या तोंडी माहेरची अहिराणी येते. "पोऱ्या बठ्ठा दिन रडस, आनि रातले गुपचूप निजस. असं कोठे ऱ्हास का?" दृष्ट लागली असं ठरलं. मीठमिरच्या ओवाळून झाल्या. भूमिकाच्या डोळ्यांखाली काळं आलं आहे. दुपारी तिचा डोळा लागतो न लागतो तोच हा उठतो. मी ड्यूटीवर असलो की मात्र म्हणे गुणाने झोपतो. मी म्हटलं, त्याला माझा लळा आहे, मी घरी असताना तो झोपेत वेळ घालवत नाही. भूमिका हसली. दमलेलं माणूस हसतं तशी.

तळव्यांवर लाल ठिपके उठले आहेत. मंजुळाच्या मते डास. तिने लोकरीचे मोजे घातले. मोजे फार घट्ट विणले आहेत, काढायला वेळ लागतो, आणि परत घालायचं राहून जातं. ते झोळीखाली सापडले की ती म्हणते, बघा कसा लाथा झाडतो. पायात ताकद आहे खरी.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

मला असलमची काळजी वाटते.

पाळी संपल्यावर टपरीवर चहा घेतला. हा माणूस मोटारसायकल बंद करत नाही. चहा संपेपर्यंत गाडी उभ्या जागी धूर ओकत असते. टपरीवाला ओरडला, तर असलम म्हणाला, चलने दे ना, तेरा क्या जाता. केंद्रात बंब उभा केला तरी चावी दुसऱ्याला फिरवायला लावतो. हे जळगावपासूनचं.

चार वर्षांपूर्वी जळगावला एक तीन मजली इमारत बसली, तेव्हा मदतीला आमची गाडी बोलावली होती. अशा ठिकाणी पद्धत ठरलेली असते. एक लांब शिट्टी झाली की सगळं बंद. इंजिन, यंत्रं, घमेली, तोंडं. मग ढिगाऱ्यावर पालथं पडून ऐकायचं. दोन छोट्या शिट्ट्या म्हणजे काम पुन्हा सुरू. शिट्टी माझ्याकडे होती. मी लांब वाजवली, असलमने इंजिन बंद केलं, बघ्यांनीसुद्धा तोंडं मिटली. स्लॅबच्या फटीला कान लावला तर आत लेकरू रडत होतं. त्या अंगाने हातांनी उकरायला घेतलं. थोडं उकरायचं, शिट्टी, ऐकायचं, दिशा धरायची. दुपारभर तेच. मग एका शिट्टीनंतर काही ऐकू आलं नाही. मी बराच वेळ तसाच पालथा होतो. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा दोन छोट्या वाजवल्या आणि जेसीबी सुरू झाला.

एवढंच. आमच्या कामात असं होतं. पण असलमने ते मनाला लावून घेतलं. इंजिन बंद केलं की कुणीतरी जातं, असं काहीतरी त्याच्या डोक्यात बसलं आहे. मी त्याला आज स्पष्ट सांगितलं, बाबा रे, कुणाला तरी दाखव. तो म्हणाला, "भाऊ, ती शिट्टी तुमच्या खिशात अजून कशाला?"

मी म्हटलं, किल्ल्यांना अडकवली आहे. जड थोडीच आहे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

बारसं झालं. नाव ठेवायचं राहिलं.

गल्लीत मांडव होता. पारोळ्याची बरीच मंडळी आली होती. स्पीकरवर गाणी, बायकांचा गलका, आणि त्या सगळ्यावर आमच्या पठ्ठ्याचं रडणं. मी मांडवाच्या कडेला उभा होतो, अगदी मजेत. बायकांनी बाळाला पाळण्याच्या खालून-वरून दिलं-घेतलं, पाळण्यात घातलं. भूमिकाची नणंद नाव सांगायला त्याच्या कानाशी वाकली. आणि तो थांबला.

पुढचं मी ठरवून केलं नाही. शिट्टी तोंडात होती आणि वाजत होती, एवढंच मला कळलं.

लोक गप्प झाले. स्पीकरवाल्याने गाणं तोडलं. मांडवाबाहेर असलमची मोटारसायकल चालूच होती, तीही बंद झाली. त्याची चावी त्याने स्वतः फिरवली. जळगावनंतर एवढ्या माणसांची एवढी चांगली शांतता मी पाहिली नव्हती. बायकांनी वाट दिली. मी पाळण्यात वाकून ऐकलं. काही नाही. मोजा काढला आणि नख लावलं. किंचाळला.

मी मान वर करून म्हणालो, "आहे."

ढिगाऱ्यावर हा शब्द म्हटला की लोक टाळ्या वाजवतात. इथे कुणी वाजवल्या नाहीत.

भूमिकाने बाळाला उचललं. त्याचं पाऊल हातात धरून एकेक ठिपका पाहिला, मग दुसरं पाऊल पाहिलं. म्हणाली, "आप्पा, हे तुम्ही?"

मी म्हटलं, "डासही असतील."

अभिमन नाना आवाज चढवणारे नाहीत. टोपी नीट करत म्हणाले, "आमना नातूले आमी लई जातस." असलम चपला काढून मांडवात आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला. शिट्टीसाठी. मी दिली नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

गेले. सव्वा महिन्याचं हिशेबात होतं, पंधरवडाही झाला नाही.

गाडीत बसण्याआधी भूमिकाने मला बाजूला घेतलं. विचारलं, मी लहान असताना माझ्या बाबतीतही करायचात का? मी म्हटलं, छे, तेव्हा मी घरी कुठे असायचो. हे मी बचाव म्हणून सांगितलं. लिहिताना बचावासारखं दिसत नाही.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हळूच म्हणाली, "तो झोपलेला असताना तुम्ही त्याला झोपू देऊ शकाल असं तुम्हाला वाटलं, की सांगा. मी दार उघडीन. तोवर नको, आप्पा."

मी तिला समजावून सांगणार होतो की झोपलेलं आणि गेलेलं बाहेरून सारखंच दिसतं, खात्री करायला लागते, यात वेडंवाकडं काय आहे. पण जावईबापूंनी गाडी सुरू केली.

मंजुळाने झोळी सोडली नाही. लटकते आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

काही नाही.

रविवार, २ मार्च

घर फार गप्प आहे. फ्रिज बंद करायचा प्रश्न येत नाही, उलट तो थांबला की मी स्वयंपाकघरात जाऊन बघतो. नळ थोडा सोडून ठेवतो. मंजुळा येते, काही न बोलता बंद करते. ती गेली की मी पुन्हा सोडतो. संसार असा चालू आहे.

आज भाकरी वाढताना बोलली. म्हणाली, जळगावहून आलात त्या दिवशी तुम्ही माझ्या छातीला कान लावून झोपलात. तिला वाटलं, दमले असतील. दुसऱ्या दिवशीही तेच. मग तीच कूस बदलून झोपायला लागली, कारण तिला श्वास घ्यायला जड जायचं. "तव्हाच कोनले सांगनं पाहिजे व्हतं," म्हणाली. मी म्हटलं, मला आठवत नाही. ती म्हणाली, "तुमले कसं आठवी, तुम्ही झोपेल व्हतात. मी जागी व्हतू."

खरंच आठवत नाही.

मंगळवार, ११ मार्च

कडब्याच्या गंजीला आग. आता उन्हाळाभर हेच. माणूस नाही, जनावर नाही, नुसता कडबा. फार छान आग होती.

परत येताना असलम म्हणाला, सौदा करू. जळगावला एक मनाचे डॉक्टर आहेत. तुम्ही आलात तर मी जातो. मी म्हटलं, मीच तर तुला जा म्हणत होतो. तो म्हणाला, "हां भाऊ, मेरे लिये चलो." धुळ्यातही डॉक्टर आहेत, पण इथे पायरी चढलो की संध्याकाळपर्यंत बठ्ठं गाव मंजुळाला विचारेल, यांना काय झालं. जळगावला आपल्याला कोण ओळखतं.

मित्रासाठी एवढं करायला हरकत नाही.

गुरुवार, २० मार्च

एसटीने गेलो. वाटेत पारोळा. बस स्टँडवर थांबली तेव्हा असलमने विचारलं, उतरायचं? मी खिडकीबाहेर द्राक्षं विकणाऱ्याकडे बघत राहिलो. बस निघाली.

जळगावला रिक्षावाला एका रस्त्याने वळला तसं असलमने त्याच्या खांद्याला हात लावून दुसऱ्या रस्त्याने घ्यायला लावलं. भाडं जास्त झालं.

डॉक्टर तरुण आहेत. फुगे नव्हते. आधी असलम आत गेला आणि लाल झालेले डोळे पुसत बाहेर आला. मग ते मला म्हणाले, तुम्हीही या. मी म्हटलं, मी सोबत आलो आहे. ते म्हणाले, सोबत आलेल्यांनाही बसायला खुर्ची आहे. बसलो. त्यांनी विचारलं, तिथे तुम्ही काय ऐकलंत? मी म्हटलं, ऐकलं ते सोपं आहे, तासाभरात सांगून होईल. ऐकू आलं नाही त्याचं काय करायचं ते सांगा.

त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. टेबलावरचं घड्याळ वाजत होतं, ते मी आल्यापासून मोजत होतो. त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी सेल काढून ठेवला आणि म्हणाले, एवढंच, थोडा वेळ बसू या.

मला घाम फुटला. इतका, की त्यांनी सेल परत घातला.

रविवार, ३० मार्च, पाडवा

डॉक्टरांनी दोघांना अभ्यास दिला आहे. असलमने चहा संपेपर्यंत गाडी बंद ठेवायची, मी समोर बसून काही करायचं नाही. टपरीवाल्याला वाटतं गाडी विकायला काढली आहे, कारण आम्ही दोघे प्रौढ माणसं एका बंद मोटारसायकलकडे बघत घाम पुसत असतो. पहिल्या दिवशी असलम अर्ध्या कपावर उठला. आज कप संपवला, बशीही चाटली.

मी शिट्टी किल्ल्यांतून काढून त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने रुमालात गुंडाळून आतल्या खिशात घातली. म्हणाला, "ड्यूटीवर मागा, देईन. घरी नाही."

संध्याकाळी भूमिकाचा फोन आला. मंजुळाने मला दिला. भूमिकाने विचारलं, कसं आहे? सगळं ठीक, असं तोंडावर आलं होतं. मी म्हटलं, झोपू देईन की नाही मला माहीत नाही. तिकडे बराच वेळ ती बोलली नाही. मी फोन कानाला दाबून ऐकत राहिलो. मग म्हणाली, "मग येऊन बघा."

रविवार, १३ एप्रिल

पारोळ्याहून आत्ताच आलो. उजेड आहे तोवर लिहून टाकतो.

सकाळी नखं कापली. मंजुळाने पाहिलं, म्हणाली, अजून. मग तिनेच ब्लेडने मांसापर्यंत काढून दिली, एका बोटातून रक्त आलं. ती म्हणाली मी येऊ का. मी म्हटलं, नको, साक्षीदार नको.

अभिमन नानांनी पाणी दिलं, उन्हाची चौकशी केली आणि दुकानात जाऊन बसले. त्यांचं बियाण्याचं दुकान पुढे, घर मागे. नातवाचं नाव त्यांनी घरच्या घरी ठेवलं आहे, मनन. भूमिका मला आतल्या खोलीत घेऊन गेली. झोळीत तो झोपला होता. केवढा झालाय. पावलं उघडी होती, गुलाबी, एकही ठिपका नव्हता. ती म्हणाली, मी स्वयंपाकघरात आहे, दार उघडं ठेवते. तिने माझ्या हातांकडे पाहिलं आणि गेली.

मी पाटावर बसलो आणि दोन्ही हात मांड्यांखाली घेतले.

रस्त्यावर कुणाचा तरी ट्रॅक्टर चालू होता. त्या आवाजात काही ऐकू येईना. उठून त्याला बंद करायला सांगावं असं फार वाटलं. मग तो आपणहून गेला आणि काहीच उरलं नाही. भूमिकाच्या भांड्यांचा आवाजही थांबला. झोळीचं कापड हलतंय असं वाटलं, मग पंख्याने हलतंय असं वाटलं. मी कान लावला नाही. हात बधिर झाले. तिथल्या त्या फटीचा वास आला, सिमेंट आणि ओल्या कपड्यांचा, इथे पारोळ्यात, धुतलेल्या लंगोटांच्या खोलीत. नखं नव्हती तरी एक हात मांडीखालून निघाला आणि त्याच्या पावलाकडे गेला. मी तो बघत होतो. दुसऱ्याच कुणाचा हात असावा तसा बघत होतो. तो तिथेच थांबला, हातभर अंतरावर. मागे आला नाही, पुढेही गेला नाही.

किती वेळ ते माहीत नाही.

मग त्याने डोळे उघडले. मी वाट बघितली. तो रडला नाही. ओठ हलले नाहीत, हातपाय हलले नाहीत, आवाज नाही. नुसता माझ्याकडे बघत होता. असं होऊ शकतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आतून भूमिकाने विचारलं, "आप्पा, उठला का?"

मी उत्तर दिलं नाही. बोललो असतो तर तो रडला असता.